मांजरपाटातली युरिडिची

बेडशीट नको, हे मी पहिल्याच मीटिंगला सांगून टाकलं. ग्रीक पुराणातली पात्रं म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच येतं, पांढरं कापड एका खांद्यावरून सोडलेलं, कमरेला सोनेरी दोरी, डोक्यावर प्लास्टिकची पानं. आमच्या दिग्दर्शकाच्या फोनमध्ये पण तसलेच फोटो सेव्ह केलेले. मी म्हटलं बघा, इटालियन संगीतकार मोन्तेव्हेर्दीचा हा 'ऑर्फिओ' ऑपेरा, म्हणजे सगळं गाण्यातूनच सांगितलेलं नाटक, 1607 चा आहे, आणि त्या काळातल्या लोकांनी काही ग्रीसमध्ये जाऊन पुतळे मोजून कपडे शिवले नव्हते, त्यांचे देव त्यांच्याच काळातल्या मखमलीत आणि जरीत यायचे, वर एखादी खूण असायची, डोक्यावर किंवा हातात, की हा अमुक देव. अगदी आपल्या दशावतारासारखं. कृष्णाच्या अंगावर मखमलीचं जाकीट असतं की नाही? महाभारतात कुठली आलीय मखमल, पण जत्रेत बसलेल्या एकाही माणसाला ते खटकत नाही, कारण मुकुटावर मोरपीस आहे आणि अंगाला निळा रंग आहे, बस झालं.

मी पेडण्याची. म्हापशात माझं टेलरिंगचं दुकान आहे, ब्लाउज, लग्नाचे ड्रेस, आणि डिसेंबरपासून पुढे देवळांच्या जत्रांमधल्या नाटकांचे कपडे, तेही भाड्याने देते. माझा मामा वीसेक वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट करायचा, तारा, द्रौपदी, मंदोदरी, आणि लहानपणी मी त्याच्या पेटाऱ्याच्या वासात वाढले असं म्हटलं तरी चालेल, कापूर, घाम, सफेदा आणि जुन्या जरीचा तो एक तांब्यासारखा वास असतो ना, तो. नाटक सुरू व्हायच्या आधी पेटाऱ्याची पूजा व्हायची. मला तेव्हा वाटायचं आत देव आहे. होते पण कपडेच.

तर मडगावजवळच्या एका जुन्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरात, गायकांचा एक हौशी ग्रुप मोन्तेव्हेर्दीचा 'ऑर्फिओ' करणार होता, पाच अंकांचा काटछाट करून दीड तासाचा. वेश 11, बजेट 35,000 रुपये, हातात चार महिने आणि त्यातले तीन पावसाळ्याचे. कुणीतरी माझं नाव सुचवलं कारण मी म्हणे पौराणिक कपडे करते. ऑपेरा मी तोवर एकही पाहिला नव्हता. तीन आठवडे नुसती ऐकत आणि वाचत बसले, रात्री दुकान बंद करून, आणि जे कळत गेलं त्यानं अक्षरशः झोप उडाली.

24 फेब्रुवारी 1607, इटलीतल्या माँतुआ गावी गोंझागा सरदारांच्या राजवाड्यात, कार्निव्हलच्या दिवसांत पहिला प्रयोग झाला. आपल्या जुन्या गोव्यातलं बॉम जेझस चर्च 1605 चं, म्हणजे त्याच्या दोनच वर्षं आधीचं. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून 23 वर्षं होती. हे असं जोडून बघितलं की ती माणसं मला जवळची वाटायला लागतात, कारण बॉम जेझसच्या वेदीमागचं ते सोनेरी कोरीवकाम मी शाळेत असल्यापासून बघत आलेय, ते पिळाचे खांब, ते ढगांमधून डोकावणारे देवदूत, मेणबत्त्या लावल्यावर सगळं हलल्यासारखं दिसतं. बरोक बरोक म्हणतात ती त्या काळातली भरजरी शैली काय असते हे मला पुस्तकातून शिकायची गरजच नव्हती, ते बसनं तासाभरावर होतं.

गोष्ट सांगते थोडक्यात. ऑर्फिओ हा गायक, त्याच्या गाण्यानं झाडं-दगड सुद्धा विरघळतात. लग्नाच्या दिवशी त्याची बायको युरिडिची आपल्या केसांसाठी फुलांचा हार करायला कुरणात जाते, तिथे साप चावतो. तो तिला आणायला पाताळात उतरतो, नावाडी कारोन्तेला गाण्यानं झोपवतो, पाताळाचा राजा प्लुटो बायकोच्या शब्दाखातर तिला सोडतो, अट एकच, वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो बघतो. मामाला ही गोष्ट सांगितली तर तो ताडकन म्हणाला, "ही आमची रुरु-प्रमद्वरा गो!" खरंच की. महाभारतात आदिपर्वात आहे, प्रमद्वरेला लग्नाआधी साप चावतो आणि रुरु आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत आणतो. आपल्या गोष्टीत ती परत येते, त्यांच्या गोष्टीत येत नाही. मामा त्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

मग त्यानं मला जे सांगितलं ते मी दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, "देव इलो ता लोकांक आधी कळाक होया, बोलणा मागाहून." आणि हेच तर त्या लोकांचं पण होतं. 1593 मध्ये चेझारे रीपा नावाच्या इटालियन माणसानं एक जाडजूड पुस्तक काढलं, आशा, न्याय, मत्सर, काळ, सगळ्या अमूर्त गोष्टी माणसाच्या रूपात दाखवायच्या तर कपडे कुठल्या रंगाचे, हातात काय, डोक्यावर काय, हे त्यात दिलेलं, आणि चित्रकार, शिल्पकार, नाटकवाले सगळे ते वापरायचे. आशेला हिरवे कपडे आणि फुलांचा मुकुट. वाचून मला कसं झालं सांगू, हिरवा! आपल्याकडे हिरवा चुडा, हिरवी साडी, ओटी, डोहाळजेवण, सगळीकडे तोच हिरवा कशासाठी असतो, पुढे काहीतरी चांगलं येणार आहे म्हणूनच ना. त्यामुळे आमच्या आशेला, म्हणजे ऑपेरात तिला स्पेरान्झा म्हणतात, मी रीपाचाच हिरवा दिला पण छटा चुड्याची निवडली, काचेच्या बांगडीचा तो आरपार हिरवा. त्यासाठी हिरव्या सॅटिनवर हिरवी ऑर्गान्झा, दोन थर, म्हणजे हलली की आतला रंग वर येतो.

ही स्पेरान्झा ऑर्फिओला पाताळाच्या दारापर्यंत सोबत करते आणि तिथे थांबते, कारण दारावर लिहिलंय की आत येणाऱ्यांनो सगळी आशा सोडा. इटालियन कवी दान्तेची ओळ ती. आशाच ती, ती आत जाणार कशी? मला ही जागा इतकी आवडली की त्या एका एक्झिटसाठी मी मागचा घेर दीड मीटर जास्त लांब ठेवला. ती निघून गेल्यावरही हिरवं कापड दोन-तीन सेकंद ऑर्फिओच्या पायाशी सरकत राहतं आणि मग तेही जातं.

आमच्याकडे स्पेरान्झा गाणारा मुलगा होता, 22 वर्षांचा, काउंटरटेनर, म्हणजे पुरुषच पण आवाजाची पट्टी बायकी उंच. तो घाबरलेला होता, ड्रेस घालून लोकांसमोर जायचं, घरचे काय म्हणतील वगैरे. मी त्याला सांगितलं की माँतुआला सुद्धा पहिल्या प्रयोगात जोव्हान्नी ग्वाल्बेर्तो माल्यी नावाच्या कास्त्रातो गायकानं, म्हणजे लहानपणीच खच्चीकरण करून उंच आवाज राखलेल्या पुरुषानं, म्युझिका म्हणजे संगीतदेवता आणि पाताळाची राणी प्रोझेर्पिना अशी दोन्ही बायकांची कामं केली होती. आणि इथे बालगंधर्वांचे शालू बघून बायका तशा साड्या नेसायला शिकल्या. पण खरं काम मामानं केलं. एका रविवारी तो पेडण्याहून बसनं आला, मुलाला दुकानाच्या मागच्या खोलीत उभं केलं आणि म्हणाला, "कापड उचलू नको रे, कापडाक फुडे चलाक दी." म्हणजे पायानं घेराला आतून हलकेच ढकलायचं, हातानं धरायचं नाही, हात रिकामे राहिले की बाईपण आपोआप येतं. बायकांची नक्कल करायला जाऊ नको, हेही सांगितलं. दोन तास तो मुलगा त्या खोलीत चालत होता. मामा 71 वर्षांचा आहे, गुडघे गेलेत, पण त्यानं उठून एक फेरी मारून दाखवली आणि माझ्या दोन्ही कारागीर मुली मशीन थांबवून बघत राहिल्या.

आता कापडाबद्दल लिहिते कारण खरी गंमत तिथेच आहे आणि लोक त्याबद्दल विचारतच नाहीत.

जुलैत एका रात्री लाइट गेली. मी प्रोझेर्पिनासाठी आणलेली गडद निळी मखमल टेबलावर पसरलेली होती, खूप महाग पडलेली, मीटरला 480 रुपये, आणि चार मेणबत्त्या लावल्या तर ती निळी मखमल चक्क काळी. निळेपणाचा पत्ताच नाही. शेजारी अस्तराचा एक फिकट समुद्री हिरवा तुकडा पडला होता तो मात्र जिवंत होऊन बसला. आणि तिथेच एका जुन्या घागऱ्याच्या टिकल्या, दीडशे रुपये किलोवाल्या, त्या काय चमकत होत्या! मग पुढे वाचनात आलं की फ्रान्सिस बेकन या इंग्रज लेखकानं 1625 मध्ये हेच लिहून ठेवलंय, मेणबत्तीच्या उजेडात सगळ्यात खुलणारे रंग म्हणजे पांढरा, गुलाबीसर लाल आणि समुद्राच्या पाण्याचा हिरवा, टिकल्यांना खर्च कमी आणि झळाळी सगळ्यात जास्त, आणि बारीक भरतकाम केलंत तर ते कुणाला दिसतच नाही. वाचताना मला वाटलं हा माणूस माझ्या दुकानात येऊन गेलाय. आणि मामाला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही गॅसबत्तीत करायचो, त्याच्या आधीची माणसं मशालीत करायची, कुणी कशिदा केला होता काय? टिकल्या आणि आरसे!

बरोक थिएटरमध्ये बराचसा उजेड बाजूंनी आणि खालून यायचा, स्टेजच्या कडेला दिव्यांची रांग असायची. म्हणजे चेहऱ्याच्या आधी घेराची किनार उजळते. आपण आज सगळं डिझाइन गळ्याशी आणि छातीशी करतो कारण आपल्याला वरून पडणाऱ्या लाइटची सवय झालीय, फोटोची सवय झालीय. मी ठरवलं की काम खाली करायचं. आमच्या प्रयोगाला खऱ्या मेणबत्त्या लावायला घरमालक तयार नव्हते, साहजिकच आहे, सगळं लाकडी छत, म्हणून पिवळसर एलईडी जमिनीलगत ठेवले, आणि प्रत्येक वेशाच्या खालच्या दीड फुटात टिकल्या आणि टिश्यूची पट्टी. वरती जवळजवळ काही नाही. ट्रायलला ड्रेस हँगरवर बघून एका गायिकेला वाईट वाटलं, म्हणाली गळा अगदीच साधा आहे. तिला आरशासमोर उभं करून जमिनीवर टॉर्च ठेवला. मग काही बोलली नाही, फक्त हळूच वळून वळून बघत राहिली.

गायकाच्या मापाचं एक वेगळंच प्रकरण असतं. नाटकातल्या नटाचं छातीचं माप मी एकदा घेते, इथे दोनदा घ्यावं लागलं, एकदा साधं आणि एकदा पूर्ण श्वास भरून, आणि तेही छातीच्या खाली, शेवटच्या बरगड्यांवर, कारण चांगला गायक तिथून फुगतो. आमच्या ऑर्फिओच्या दोन मापांत साडेसात सेंटिमीटरचा फरक आला! इतका फरक कुठल्या कॉर्सेटमध्ये मावणार? म्हणून समोरून ताठ दिसणाऱ्या सगळ्या चोळ्यांना बगलेखाली इलॅस्टिकचा त्रिकोणी कळीसारखा तुकडा घातला, वरून बाही येते म्हणून तो दिसत नाही. बोनिंगला, म्हणजे चोळी ताठ ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्यांना, इलेक्ट्रिशियनचे जाड केबल टाय वापरले, स्वस्त, धुता येतात, गंजत नाहीत, पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं. आणि कान झाकायचे नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कारोन्तेला मी छान जटांचा टोप केला होता कानांवरून खाली येणारा, पहिल्याच तालमीत तो बास गायक बिचारा साथीच्या मागे पडायला लागला, त्याला कीबोर्ड ऐकूच येत नव्हता. टोप कापला.

कारोन्तेचं सांगायचं तर नावाडी म्हटल्यावर मी थेट रायबंदरला गेले, चोडणच्या फेरीबोटीवर चार फेऱ्या मारल्या. तिथे बोट बांधायचे ते जाड काथ्याचे दोर असतात, वर्षानुवर्षं मांडवीचं पाणी पिऊन काळे-करडे झालेले, त्यांचा रंग मला हवा होता. काथ्या उकलून, चहाच्या आणि लोखंडाच्या गंजाच्या पाण्यात बुडवून खांद्यावरची झूल केली. मोन्तेव्हेर्दीनं कारोन्तेच्या गाण्याला रीगल नावाची एक छोटी ऑर्गनची जात दिलीय, तिचा आवाज नाकातून आल्यासारखा खरखरीत, आणि मला तो आवाज आणि तो काथ्या एकच वाटतात. आमच्याकडे रीगल नव्हता, कीबोर्डवर तसला आवाज काढला.

प्लुटोवरून मात्र आमच्यात वाद झाला. दिग्दर्शकाला काळा हवा होता, पाताळ म्हणजे काळा, शिंगं, वगैरे. माझ्या डोक्यात पण पहिल्यांदा आमचा संकासूर आला होता, खोटं कशाला बोलू, काळा अंगरखा आणि लाल जीभ, लहानपणी त्याला बघून मी आईच्या पदरात शिरायचे. पण प्लुटो राक्षस नाही, राजा आहे, न्याय करणारा, बायकोचं ऐकणारा. आणि त्याच्या नावाचा ग्रीकमध्ये अर्थच मुळी संपत्ती, कारण सोनं-चांदी, सगळं धन जमिनीच्या पोटात असतं आणि तिथला मालक तो. हे वाचलं त्या दिवशी मी डिचोलीहून येत होते. रस्त्याच्या कडेची झाडं, घरांची कौलं, सगळ्यावर ती खाणीची तांबडी धूळ. आम्ही गोंयकार जन्मापासून बघतोय की जमिनीच्या पोटातलं धन कुठल्या रंगाचं असतं! ते काळं नसतं, सोनेरीही नसतं, ते गंजाच्या लाल रंगाचं असतं. मग माझा प्लुटो ठरला. मातकट लाल मखमल, आणि वर जुन्या शालूंची उसवलेली जर, काळवंडलेली, पॉलिश न करता तशीच लावली, म्हणजे उजेडात ती चमकते पण आळशीपणे, खूप खोलवरून वर आल्यासारखी. दिग्दर्शकांनी कापड बघितलं आणि त्यांचं म्हणणं मागे घेतलं. ते स्वतः सांग्याचे आहेत, तोही खाणींचाच भाग.

प्रोझेर्पिना ही त्याची राणी, पिकांच्या देवीची मुलगी, त्यानं पळवून पाताळात आणलेली, वर्षातला काही काळ ती वर येते म्हणून पृथ्वीवर फुलं येतात. चौथ्या अंकात ती नवऱ्याला विनवते की ऑर्फिओला त्याची बायको दे. तिला मी बाहेरून प्लुटोचाच लाल दिला, राणी आहे ना त्याची, पण पुढून उघडणारा लांब झगा केला आणि आतलं अस्तर पूर्ण फुलांचं, तेच ते समुद्री हिरवं, त्यावर हाताने रंगवलेली आबोली आणि सुरंगी. अख्खा वेळ ते मिटलेलं असतं. विनवणी करताना ती गुडघ्यावर बसते, झगा उघडतो, आणि पाताळात तेवढीच एक चौकट वसंताची दिसते. त्या निळ्या मखमलीचं पुढे ब्लाउजपीस झालं.

मेंढपाळ आणि वनदेवतांसाठी सुचवणी आली होती की कुणबी साडी वापरूया, गोव्याचा टच येईल. मी नाही म्हटलं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी परत लोकांच्या नजरेत आणली याचा मला खूप अभिमान आहे, माझ्या कपाटात दोन आहेत, पण ती शेतात खपणाऱ्या खऱ्या बायकांची साडी आहे, तिला खांद्यावर गाठ असते कारण हात कामाला मोकळे हवेत. आणि ऑपेरातले मेंढपाळ खरे मेंढपाळ नव्हतेच कधी, ती दरबारी लोकांच्या स्वप्नातली खेडी. माँतुआच्याच दरबारासाठी सोळाव्या शतकात नाटकं बसवणारा लेओने दे सोम्मी, त्यानं मेंढपाळांना रेशमी बिनबाह्यांचा सदरा आणि वर कातडं असं सुचवलंय. रेशमात कोण मेंढ्या चारतो? स्वप्नातलाच माणूस. त्या स्वप्नात खऱ्या कष्टाची साडी नेऊन सजावट म्हणून ठेवणं मला पटलं नाही, अजूनही पटत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. मेंढपाळांना टसरसारख्या दिसणाऱ्या साध्या कापडाचे सदरे केले आणि विषय संपवला.

अपोलो सगळ्यात कठीण. 1609 मध्ये ऑपेराचं संगीत छापलं गेलं त्यात शेवटी अपोलो ढगातून खाली उतरतो आणि ऑर्फिओला, त्याच्याच मुलाला, आकाशात घेऊन जातो. आपल्याकडे ढग नाही, यंत्र नाही, छताला हुक मारायची परवानगी नाही. फक्त हॉलमधून वर जाणारा एक लाकडी जिना. मी तीन रात्री त्या जिन्याकडे बघत बसले. शेवटी असं केलं की अपोलोच्या खांद्यांना नऊ मीटरचा झिरझिरीत सोनेरी टिश्यू लावला, नऊवारीपेक्षा जरा जास्तच, आणि तो दोघा मुलांनी वरून आधी सोडायचा, पायरी पायरीवरून तो वाहत खाली येतो, सूर्य यायच्या आधी ऊन यावं तसा, आणि मग वर अपोलो दिसतो.

त्याच्या अंगाचा वेश मी 1607 चा नाही केला, कबूल करते. फ्रान्समध्ये चौदावा लुई 14 वर्षांचा असताना 1653 मध्ये स्वतः अपोलो म्हणून नाचला होता, डोक्यापासून बुटांपर्यंत सूर्याचे किरण, त्यानंतरच्या काळात फ्रेंच रंगभूमीवर देव आणि वीरपुरुषांच्या कमरेला एक ताठ, पसरट, गुडघ्यापर्यंतचा घेर असायचा, आतून सांगाडा दिलेला, जाँ बेरें नावाच्या वेशकारानं पॅरिसच्या ऑपेरासाठी असे कितीतरी वेश काढले. मला तो आकार हवाच होता कारण लांबून बघताना माणूस रुंद झाला की देव वाटतो, आपल्या दशावतारी राजाचे बाहुभूषण आणि मुकुट का एवढे पसरतात, तेच कारण. पण माझ्याच्यानं सांगाडा होईना. तारेचा केला तर वाकायचा, पीव्हीसीचा केला तर चालताना पुढेमागे घंटेसारखा झुलायचा.

मग सुचलं की शिगम्यात घोडेमोडणीला माणूस अख्खा घोडा कमरेला बांधून नाचतो की! डिचोली तालुक्यातल्या एका गावात असे घोडे बांधणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांना माझं चित्र दाखवलं, त्यांनी एकच प्रश्न विचारला, वजन कुठे टांगलंय? मी म्हटलं कमरेला. म्हणाले म्हणूनच हलतंय, कंबर नाचते, खांदा नाचत नाही, वजन खांद्यावर घ्या आणि कमरेला नुसतं टेकवा. वेताची दोन कडी, बांबूच्या कामट्या, खांद्यांवरून फुलीसारखे दोन सुती पट्टे, अर्ध्या दिवसात त्यांनी सांगाडा बांधून दिला, साडेआठशे ग्रॅम भरला. पैसे घ्यायला तयार नव्हते, नाटकाचं काम आहे म्हणाले. मी जबरदस्तीनं दिले.

आणि पाऊस. ऑगस्टमध्ये एका सकाळी दुकान उघडलं तर प्लुटोच्या पाठीवर पांढरी बुरशी. अपोलोच्या मुकुटाचे डिंकानं चिकटवलेले किरण एकेक करून गळून खाली पडलेले. त्या दिवशी मी खरंच रडले. मामाला फोन केला, त्यानं सांगितलं मखमल उन्हात घालू नको, बंद खोलीत पिवळा बल्ब लावून लटकव, मऊ ब्रशानं मागून झटक, आणि पेटाऱ्यात कापूर आणि लवंगा, डांबरगोळ्या नकोत, जर काळी पडते. किरण मग सगळे दोऱ्यानं शिवले, डिंक बंद.

शेवटी युरिडिचीबद्दल लिहिते, तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले खरं तर. तिच्या वाट्याला गाणं फारच कमी. लग्नात ती दिसते, मग तिच्या मरणाची बातमीच येते, घेऊन येते तिची मैत्रीण, मेसाजेरा. तिच्या हातात मी आबोलीचा अर्धवट विणलेला वळेसर दिला, दोरा लोंबतोय असा, बाकी तिच्या वेशात काही विशेष नाही, ते पुरलं. पण पाताळातली युरिडिची? ती मेलेली आहे, तरी चालतेय, नवऱ्याच्या मागून. पांढरी साडी, राखाडी झगा, तोंडावर जाळी, मी सगळं करून बघितलं. सगळं भुतासारखं दिसायचं, आणि ती भूत नाही. ती अजून ती स्वतःच आहे.

लग्नाचा तिचा वेश मोठ्या कामाचा होता, म्हणून आधी मांजरपाटात ट्रायल शिवलेली, पीस वाया जाऊ नये म्हणून आम्ही करतो तशी. तोच कट, त्याच कळ्या, तोच घेर, फक्त रंग नाही, जर नाही, कडांना कच्चे टाके, आणि पाठीवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा, इथे घ्यायचं, इथे सोडायचं. सप्टेंबरमध्ये फिटिंगला ती गायिका खऱ्या ड्रेसमधून निघून परत ट्रायल घालून बघत होती, बाहीची लांबी ताडायला, आणि तेवढ्यात तिला फोन आला म्हणून ती पॅसेजमध्ये गेली. मी मान वर करून बघितलं तर दाराच्या चौकटीत, पाठमोरी, युरिडिची. लग्नातलीच ती, तोच आकार, शिवणीशिवण तीच, आणि तिच्यातलं सगळं निघून गेलेलं. माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली.

दुसरा वेश मग केलाच नाही. मांजरपाट एकदा पाण्यातून काढला, इस्त्री केली नाही.

प्रयोगाच्या रात्री मी जिन्याखाली उभी होते, सेफ्टीपिना ब्लाउजला लावून, मामा शेवटच्या रांगेत खुर्चीत. ऑर्फिओ मागे वळला. ती तिचं ते छोटंसं गाणं गायली, आणि मग तिला परत जायचं होतं, म्हणून ती वळली आणि पाठमोरी होऊन हळूहळू आतल्या अंधाऱ्या दिवाणखान्याकडे चालत गेली. मामानं शिकवल्यासारखी, कापड पुढे ढकलत. जमिनीवरचा उजेड तिच्या पाठीवर चढला आणि पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, कमरेजवळची फुली, मणक्यावरून खाली गेलेली रेघ, आणि डाव्या खांद्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं 'थोडं सैल'.